नाक आधी बाहेर येतं

आमच्या घरी सापाची अंडी उबत ठेवलीत, हे इथल्या ओहायोतल्या मराठी मंडळात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गणपतीच्या आरतीला आमच्याकडे कोण फिरकलं असतं?

साप लेकीचा. कॉर्न स्नेकची मादी, तांबूस-नारिंगी, बिनविषारी. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, आणि इथे पाळायला सर्रास मिळते. मादीने कात टाकली आणि त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी घातली. लांबुडकी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. कवच कडक नाही, बोटाला चामड्यासारखं लागतं. लेकीने प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. आतला जीव वरच्या अंगाला चिकटून वाढतो, म्हणून पहिल्या दिवसानंतर अंडं उलटं होऊ द्यायचं नाही. मग ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेल्या झाकणाच्या डब्यात सगळा घोस तसाच ठेवला आणि डबा इन्क्युबेटरमध्ये, २८ अंशांवर.

व्हिडिओ कॉलवर आईने पहिला प्रश्न विचारला, "आणि त्यांची आई कुठाय? अंड्यांवर बसत नाही?" नाही बसत. अजगराची मादी वेटोळं घालून बसते, आपल्याकडची नागीणही अंड्यांजवळ राहते, पण ही अंडी घालते आणि चालू लागते. "म्हणजे बाळंतपण तुमच्याच गळ्यात," आई म्हणाली. सांगली जिल्ह्यातली बाई, सापाचं तिला भय नाही. काळजी कुणी घ्यायची एवढाच तिचा मुद्दा.

पुढचे जवळजवळ दोन महिने करायला फारसं काही नव्हतं. रात्री दिवे मालवून अंड्याला टॉर्च लावली की आत लाल शिरांचं जाळं दिसायचं. दोन-तीन अंडी मात्र पिवळी पडून आक्रसली, त्यांना बुरशी धरली. ती फळलीच नव्हती. शेवटच्या दिवसांत चांगली अंडीसुद्धा बसकी झाली, वर खळगे पडले. मला वाटलं, वाळली. लेक म्हणाली, "आई, आता जवळ आलंय."

मग एका सकाळी एका अंड्यावर ब्लेडने मारावी तशी बारीक चीर दिसली. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक इवलासा दात असतो, फक्त एवढ्याच कामाचा. पुढे तो गळून पडतो. चिरेतून थोडा चिकट द्रव आला आणि नाक बाहेर आलं. नाकच. त्यानंतर मला वाटलं होतं की पिल्लू सळसळत निघेल. ते निघालं नाही. डोकं बाहेर काढून बघत बसलं, आम्ही वाकलो की आत. असं दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशीही. आत उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं, तोवर बाहेर यायची घाई त्याला नसते. ओढून काढलं तर तो बलक आणि शिरा तुटतात, रक्त जातं. माझे हात शिवशिवत होते. लेक डब्यापाशी पहारा देत होती, माझ्यावर.

एक अंडं उघडलंच नाही. बाकीची सगळी निघून गेल्यावर लेकीने ते कापलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, मेलेलं. काही पाळणारे अशी अंडी वेळेआधी स्वतःच चिरतात, काहींच्या मते जे चिरू शकत नाही ते जगायलाच दुबळं असतं. लेकीचं मत या दुसऱ्यांसारखं. मला ते पटलं असं म्हणवत नाही.

बाहेर आलेली पिल्लं पेन्सिलीएवढीही जाड नव्हती, लांबीला वीतभरापेक्षा थोडी जास्त. हात नेला की शेपटी थरथरवत, आवेशाने फटका मारत. प्रत्येकाला वेगळा डबा, कारण कोण खातं आणि कोण नाही हे त्याशिवाय कळत नाही. आठवड्याभराने त्यांनी पहिली कात टाकली आणि मगच जेवणाची वेळ आली: उंदरांची गोठवलेली नवजात पिल्लं, कोमट पाण्यात वितळवून. बहुतेकांनी गिळली. एकाने तोंड फिरवलं, पुन्हा फिरवलं. या जेवणाचा खोका फ्रीझरमध्ये मोदकांच्या सारणाशेजारी ठेवू नये, एवढी माझी एक अट होती. ती लेकीने पाळली.