अण्णांचं देणं

हेदवीला येणारा माणूस दशभुज गणपतीचं दर्शन घेतो, बामणघळीत उसळणारं पाणी बघतो आणि परत फिरतो. मी याच गावचा. पण पोटापाण्याची माझी विद्या सुरू झाली ती जवळच्या साखरी आगरात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढ्या काळात इंजिनं खोलायची, आणि ती खोलायला अण्णा मिस्त्री.

समुद्राचं पाणी इंजिनाभोवती फिरवून शेवटी धुराच्या नळीत सोडायचं, म्हणजे धूर गार होऊन पाण्यासकट बाहेर पडतो, हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. पाणी फार तापलं की क्षार नळ्यांना धरतात. लोखंड वाचावं म्हणून बसवलेली जस्ताची कांडी आधी झिजते. कूलर गळतो का, हे बघायला अण्णा त्याची तोंडं बंद करून पाण्याच्या टपात बुडवत आणि सायकलच्या पंपानं हवा भरत. बुडबुडे मोजायचं काम माझं.

पुढे पुण्यात डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरच्या कामाला लागलो. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुरातला काही भाग गार करून पुन्हा आत सोडायचा; त्यानं ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. डिझेल मोटारींना बीएस-४ च्या प्रदूषण नियमांत त्यांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नं ती ०.०८ वर आणली. म्हणजे ५००-६०० अंशांचा धूर पातळ पोलादी नळ्यांतून न्यायचा, आणि बाहेरून ९० अंशांच्या आसपासचं कूलंट. कागदावर हिशेब सोपा. तापव, गार कर, पुन्हा तापव, असं चालवलं की ताण येतो तो नळी आणि पत्र्याच्या सांध्यावर. तिथं चीर गेली की कूलंट थेट इंजिनात.

पण खरी वैरीण काजळी. गरम धुरातले कण गार भिंतीकडे ढकलले जातात, चिकटतात, आणि त्या थरातून उष्णता जवळजवळ जातच नाही. अण्णा होडीच्या धुराच्या नळीतली काजळी बोटावर घेऊन चोळत. कोरडी, भुरभुरीत असली तर गप्प राहत. तेलकट, चिकट निघाली की तांडेलाला विचारत, "बंदरात नुसतंच चालू ठेवतंस ना रे इंजिन?" तांडेल मान खाली घालायचा.

त्या बोटाच्या भरवशावर मी आमच्या चाचणीत ट्रॅफिकमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीचा भाग वाढवून मागितला. कमी भारावर, थंड कूलंटवर अर्धवट जळलेलं डिझेल नळीवर जमतं आणि काजळीला धरून ठेवतं. भर वेगात शहाण्यासारखा वागणारा कूलर तिथं उघडा पडतो. माझ्या अहवालांत अण्णांचं नाव नसे, खाली सही माझी असे. हे मला अजून खटकतं.

एकदा नमुन्याचा एक कूलर अण्णांना दाखवायला नेला. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला. "बोल्ट खयं?"

"नाहीत अण्णा. भट्टीत सांधून कायमचा बंद करतात. गॅस्केट आलं की गळती आली, वजन आलं."

"मग साफ कसा करायचा?"

"बदलायचा."

त्यांनी कूलर माझ्या हातात दिला आणि बिडी पेटवली. गळतीचं कारण त्यांना पटलं, बदलण्याचं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण झाकणवाल्या कूलरचा एक आराखडा मी काढून ठेवलाय. त्यातली गॅस्केटची जागा त्यांना अजून पसंत नाही.