रिव्हॉल्वर की पिस्तूल?

आमच्या गोव्यात चवथ जवळ आली की बाजारात टिकल्या फोडायची पिस्तुले लटकू लागतात. त्यांतल्या एखाद्याला मध्ये गोल फिरणारी चकती असते, एखाद्याला नसते. पोरांना त्याचे काही नसते, दोन्ही पिस्तूलच. मोठ्यांचीही बहुधा तीच समजूत असते. माझीही तशीच राहिली असती, पण नोकरीत काही वर्षे शस्त्र परवान्यांच्या टेबलावर गेली. मी आपला कला शाखेचा पदवीधर, खऱ्या शस्त्राचा चाप कधी ओढलेला नाही. पण फायली चाळता चाळता माणसाला पुष्कळ कळते.

माझ्याकडे येणारे बहुतेक कागद सत्तरी-सांग्याकडच्या शेतकऱ्यांचे असत. रानडुकरांपासून पीक राखायला आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, तिचे नूतनीकरण, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करणे, नंतर परत आणणे. स्वसंरक्षणासाठी छोटे शस्त्र मागणारा अर्ज क्वचित. म्हणूनच गेल्या वर्षी माझ्या मामांनी फोन करून "रिव्हॉल्वर बरें काय पिस्तूल?" असे विचारले तेव्हा मी जरा दचकलोच.

मामा डिचोली तालुक्यात राहतात. वय बहात्तर. चौसोपी घर, मागे कुळागर, मुलगा लंडनला. मामी गेल्यापासून घरात एकटेच. वाड्यावर दोन ठिकाणी चोऱ्या झाल्या आणि त्यांची झोप उडाली. "चोर आयल्यार हांव कितें करूं?" हा त्यांचा प्रश्न. त्याला हसून सोडून देता येण्यासारखे नव्हते.

तेव्हा आधी त्यांना फरक समजावून सांगितला. रिव्हॉल्वरला फिरता गोल असतो, त्यात बहुधा सहा घरे आणि प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की गोल फिरतो आणि पुढचे घर नळीसमोर येते. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत याचे पेटंट घेतले. पिस्तुलाचे तसे नाही. त्याची काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत भरते. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल या जातीचे.

पिस्तूल चपटे, त्यात गोळ्या सहसा जास्त मावतात आणि ते पुन्हा भरायलाही वेळ लागत नाही. पण ते रोजच्या सरावाच्या माणसाचे हत्यार. मूठ सैल पडली तर स्लाइड अडकू शकते. काडतूस फुसके निघाले तर दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून ते काढावे लागते. मामांच्या बोटांत संधिवात आहे, त्यांना चटणीच्या बाटलीचे झाकण उघडत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅगझिन काढून घेतले तरी नळीत एक काडतूस राहू शकते. "रिकामे आहे" म्हणून हाताळलेल्या पिस्तुलातून गोळी सुटते ती अशी.

रिव्हॉल्वर त्या मानाने भोळे. काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे समोर येते. गोल बाहेर काढला की आत काय आहे ते डोळ्यांना दिसते. मात्र तोही चाप जड असतो, ओढताना नेम हलतो. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणाऱ्या शस्त्रात तरीही मी रिव्हॉल्वरलाच कौल देईन.

निम्मी निवड तर आपल्यासाठी कायद्यानेच करून ठेवली आहे. सिनेमातले ९ मिलिमीटरचे पिस्तूल तुम्हा-आम्हाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येते. उरते ते मुख्यतः .३२ बोअर. त्यातही रिव्हॉल्वरचे काडतूस लांब आणि पिस्तुलाचे आखूड, एकाचे दुसऱ्याला चालत नाही. सरकारी कारखान्यांनी दोन्ही प्रकार बनवले. दिल्लीच्या घटनेनंतर २०१४ साली कानपूरहून स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर आले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या पोरी रात्री बसस्टॉपवर उभ्या असतात त्यांच्यातल्या कितीजणींना ते परवडणार होते, हे कोणी विचारले असेल का?

असो. मामांनी हे सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग रिव्हॉल्वर घेऊया."

मी म्हटले, घ्या, पण ठेवणार कुठे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. म्हणजे कुलपात. रात्री दोन वाजता कौले सरकल्याचा आवाज आला तर मामांनी चष्मा शोधायचा, किल्ली शोधायची, कपाट उघडायचे. उशीखाली ठेवावे तर मे महिन्यात नातू येतो, वय वर्षे नऊ, घरातला एक खण उघडायचा ठेवत नाही. हाताशी ठेवले तर सुरक्षित नाही, सुरक्षित ठेवले तर हाताशी नाही. रिव्हॉल्वर असो की पिस्तूल, ही अडचण दोघांनाही सारखीच.

आणि चाप ओढल्यावर काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. पण जरुरीपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही. अंधारातली ती आकृती चोराची होती की केळीचा घड न्यायला आलेल्या शेजारच्या पोराची, हे मामांना त्या अर्ध्या मिनिटात ठरवावे लागणार. चुकले तर बहात्तराव्या वर्षी ते मनावर घेऊन जगावे लागणार.

आणखी एक भीती आहे, ती मी मामांना बोलून दाखवली नाही. मामी गेल्यापासून ते रात्र रात्र जागे असतात. जेवण नावापुरते. परवान्याच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात मनाच्या प्रकृतीचाही विचार असतो. ती अट कागदावर वाचताना मला नेहमी उगाच वाढवलेली वाटे. मामांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती कशासाठी आहे ते समजले. अशा घरात भरलेले शस्त्र असेल तर मला चोरापेक्षा त्या शस्त्राचीच जास्त काळजी वाटेल.

अर्ज अजून मामांच्या टेबलावर कोराच पडून आहे. मी नको म्हटलेले नाही, हक्क त्यांचा आहे. दरम्यान मागच्या पडवीला दिवा बसला, दाराला आतून आडणा आला आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्री अभ्यासाला मामांच्या ओसरीवर येऊन झोपू लागला आहे. परवा फोनवर मामा तक्रार करत होते, "तो घोरता रे, न्हीद येना म्हाका."

मला मात्र ते ऐकून बरे वाटले.