बंदुकीचे तेल

माणसाला एखादा तरी शौक असावा, असे म्हणतात. म्हणणारे बहुधा अविवाहित असतात. विवाहित माणसाला नुसता शौक असून भागत नाही. तो घरच्या अर्थखात्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या भागात कुणाला झाडीपट्टीच्या नाटकांचा शौक, कुणाला कोंबड्यांचा, कुणाला नुसताच चौकात बसण्याचा. मला बंदुकीचा.

बंदूक म्हटल्यावर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला मिशाळ गृहस्थ तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो मी नव्हे. ते माझे वडील. आणि तो वाघही दुसऱ्याने मारलेला होता. वडिलांचा फक्त पाय होता. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली आणि वडिलांनी आपली दुनळी बाराबोअर मुलचेऱ्याच्या घरात खुंटीला टांगली. 1979 साली ते गेले. वारसात मला मिळाले ते असे : तीन एकर धानाच्या बांध्या, ती बंदूक आणि घोरण्याची सवय. यातले घोरणे तेवढे बिनखर्चाचे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत.

परवाना पीकसंरक्षणाच्या नावाने माझ्याकडे आला. मी शाळामास्तर. माझ्या बंदुकीने पीक किती वाचले, हे रानडुकरांनाच विचारावे लागेल. डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी हवी, म्हणून मी हवेत बार काढायचो. पहिल्या वर्षी डुकरे पळाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी माना वर करून पाहिले. तिसऱ्या वर्षी त्यांनी तेही कष्ट घेतले नाहीत.

तेव्हा बंदुकीचा उपयोग काय, तर दर रविवारी ती खाली काढायची, नळीत गज घालायचा, चिंधीने पुसायची, तेल द्यायचे, एक डोळा मिटून नळीतून उजेडाकडे बघायचे आणि परत टांगायची. या सोहळ्याला सकाळ जायची. आणि पहिले भांडण झाले ते या तेलावरूनच.

"काहून जी," ही म्हणाली, "माह्या केसाले खोबरेल नाही आन् लोखंडाले तेल पाजता?"

मी गंजाचे शास्त्र समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "बाटली केवढ्याची?"

त्या दिवसापासून हिने बंदुकीचा खर्च घरगुती मापात मोजायला सुरुवात केली. तेलाची बाटली म्हणजे दोन पायल्या तांदूळ. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसे आणायला चंद्रपूरला गेलो, तर येताना एसटीत मला हिशेब पाठ : एक काडतूस म्हणजे इतकी तूरडाळ. हवेत बार काढला की आवाज विरायच्या आत घरातून ऐकू यायचे, "गेली डाळ!"

त्यातून आमचे बंगाली शेजारी. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही कुटुंबे 1960 च्या दशकात आमच्या भागात वसवली गेली. शेजारच्या दादांचा शौक गळ टाकण्याचा. एक काठी, एक दोरा, थोडी कणीक. संध्याकाळी दादा हातात मासा घेऊन घरी येत, आणि त्यातला अर्धा आमच्याकडे. "हा बी शौकच हाय," मासा चिरताना ही म्हणायची. विळीचा तोंडवळा माझ्याकडे असायचा.

परवाना तेव्हा दर तीन वर्षांनी नवा करावा लागे. आधी त्यासाठी चंद्रपूर गाठायचे. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी आनंदाने म्हटले, "बघ, सरकारने आपला प्रवासखर्च कमी केला!"

"किती वाचले?" तिने हात पुढे केला. मी आकडा सांगितला. चूक झाली. तेवढे पैसे डालड्याच्या रिकाम्या डब्यात पडले आणि तिथेच आमचा ऐतिहासिक तह झाला : बंदुकीवर एक रुपया गेला की दुसरा डब्यात. म्हणजे माझा शौक त्या दिवसापासून दामदुपटीने महाग झाला. डबा भरला की ती पोस्टात नेऊन भरायची. त्या पैशांचे काय करणार, हे मी एकदा विचारले. "तुमच्या बंदुकीचं तुम्ही काय करता?" एवढेच उत्तर आले.

एकदा मी कायद्याचा आधार घेतला. म्हटले, "अगं, कायद्याने माणसाला तीन बंदुका ठेवता येतात. मी एकीवर थांबलो आहे." (2019 पासून ही मर्यादा दोनवर आली आहे, पण तेव्हा तीनच होती.)

"आन् बायका किती ठेवता येतात, ते बी वाचून ठेवा," ती म्हणाली.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. तिला पोहोचवायला मी निघालो की ही दारापर्यंत यायची, माहेरवाशिणीला निरोप द्यावा तशी. 1996, 1998, 1999 अशा चार वर्षांत लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या. देश अस्थिर सरकारांमुळे चिंतेत होता. आमच्या घरात मात्र एक बाई त्या काळात गाढ झोपत होती. हे माझ्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र मी लावला नव्हता.

अर्थ लागला तो एका पावसाळी रात्री. बंदूक घरी होती. एकच्या सुमारास दारावर थाप पडली. इथे दोन शब्द सांगायला हवेत. 1980 साली नक्षलवादी आमच्या जिल्ह्याच्या जंगलात आले. जंगलात रात्री हिंडणाऱ्यांना बंदुका लागतात आणि कुणाच्या घरी ती आहे हे लपत नाही. ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती, आणि कुणी कधी बोलत नसे.

पुन्हा थाप पडली. मी उठून बसलो. अंधारात पाहिले, तर ही माझ्या आधीच उठलेली. दाराकडे तोंड, पाठ खुंटीला, दोन्ही हात मागे नेऊन बंदूक लुगड्याआड झाकलेली. एवढीशी बाई आणि एवढी लांब बंदूक. खाली दस्ता दिसत होता, वर नळी दिसत होती, मधे ही.

बाहेरून दादांचा आवाज आला. त्यांची गाय अडली होती, कंदील हवा होता. मी कंदील दिला. परत येऊन पाहिले, तर ही पांघरूण घेऊन झोपलेली. निदान तसे दाखवत तरी होती.

सकाळी चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "तेल लय महाग झालं म्हणतात."

"हो," मी म्हटले, "फारच महाग झालंय."

वीस वर्षे आम्ही तेलावर भांडलो होतो. त्यातला एक दिवसही ते भांडण तेलाचे नव्हते. भीती वाटते म्हणावे तर नवऱ्याला वडिलांची वस्तू सोडायला लावल्यासारखे होते. म्हणून तिने तांदूळ मोजले, डाळ मोजली. आणि कळूनही मी आणखी दोन वर्षे बंदूक ठेवलीच. शौक माणसाला इतका आंधळा करत नाही. सोयीचे तेवढे आंधळेपण तो स्वतः घेतो.

1999 ची निवडणूक आटोपल्यावर ठाण्यातून बंदूक सोडवली, ती घरी न आणता रीतसर परवानाधारक दुकानदाराला विकली. आलेली रक्कम हिच्या हातात दिली. तिने मोजली आणि म्हणाली, "तहाप्रमाणे निम्मी तुमची." मी त्यातून गळ घेतला. आजवर एक मासा लागलेला नाही.

गोष्ट इथे संपायची. पण 2024 साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि नागपूरला असलेल्या आमच्या नातीने नेमबाजीचा हट्ट धरला. मुलाचा फोन आला : क्लबची फी, जाड जॅकेट, आणि एअर रायफलची किंमत लाखांच्या घरात. मी ओरडलो, "एवढ्या पैशात किती तांदूळ येईल!"

ही काही बोलली नाही. आत गेली आणि पोस्टाचे पासबुक घेऊन आली. डालड्याच्या डब्यातले रुपये इतक्या वर्षांत व्याजाने चांगले बाळसेदार झाले होते.

दहा मीटरवरच्या निशाणातला मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, असे नातीने फोनवर सांगितले. "पहा," ही मला म्हणाली, "तुमाले डुकराचा कळप सापडत नव्हता."

"पण माझ्या बंदुकीला तू दहा रुपयांचं तेल देत नव्हतीस," मी म्हटले.

तिने पासबुक मिटले. "हिची रायफल रात्री मागाले कोणी येनार नाही जी," ती म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा बोलले गेले. मला उत्तर सुचेना. मग तीच म्हणाली, "आन् तेलाची बाटली तेवढी तुमच्याकडून."