गोळीचें पथ्य

पथ्य हा शब्द आमच्या पिढीनें लहानपणीं जितका ऐकला, तितका हल्लींच्या मुलांच्या कानांवर येत नाहीं. घरांत कोणास ताप आला कीं आजी आधीं पथ्य सांगे आणि मग औषध. वैद्यांची पुडी मधांतून घ्यावयाची, तुपांतून घ्यावयाची कीं आल्याच्या रसांतून, यावर घरांत जेवढी चर्चा होई तेवढी रोगाच्या नांवावरहि होत नसे. पुढें इंग्रजी औषधें आलीं, आणि "डॉक्टर, पथ्य काय?" या प्रश्नास "कांहीं नाहीं, सर्व खा" असें उत्तर मिळूं लागलें. त्यावरून पुष्कळ सुशिक्षितांनीं असा निष्कर्ष काढला कीं पथ्य ही केवळ अडाणीपणाची खूण होती. हा निष्कर्ष घाईचा होता, असें आम्हांस वाटतें. आणि तसें वाटण्यास कारण एखादा जुना ग्रंथ नसून कारखान्यांत तयार झालेली अगदीं नवी गोळी आहे.

ही गोळी कर्करोगावरची आहे. कर्करोग म्हटला कीं शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा शिरेंतून दिलें जाणारें औषध, हींच चित्रें वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु मे २००१ मध्यें अमेरिकेंत इमॅटिनिब नांवाच्या गोळीस मान्यता मिळाली, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचें स्वरूपच पालटलें. ज्या दुखण्यांत पूर्वीं थोड्या वर्षांचा भरंवसा, त्यांत माणसें रोजची गोळी घेऊन वर्षानुवर्षें कामधंदा करूं लागलीं. आपल्या देशांत हिच्या पेटंटाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजीं न्यायालयानें मूळ कंपनीचा दावा फेटाळला, आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी मध्यम स्थितीच्या घरांच्या आवांक्यांत राहिली. हा लाभ लहान नव्हे. मात्र त्याबरोबर एक जबाबदारीहि घरीं आली. रुग्णालयांत औषध देतांना परिचारिका वेळ पाहते, प्रमाण पाहते, दुसरें काय चालू आहे तें पाहते. गोळी घरीं आली कीं हें सर्व काम स्वयंपाकघराकडे येतें, आणि स्वयंपाकघरास त्याची वर्दी बहुधा कोणी दिलेली नसते.

आम्हांस हा विषय जवळचा झाला तो आमच्या शालकांमुळें. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त तोरणमाळास असतो, आणि शाळेंतून निवृत्त झाल्यापासून वर्षांतील कांहीं महिने आमचें बिऱ्हाड तेथेंच असतें. सातपुड्याच्या माथ्यावर, अकराशें मीटरांहून अधिक उंचीवर वसलेलें हें ठिकाण नंदुरबार जिल्ह्याचें भूषण आहे. यशवंत तलावाचें पाणी, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचें मंदिर आणि महाशिवरात्रीस तेथें भरणारी यात्रा यांविषयीं वाचकांनीं ऐकलें असेलच. अशा ठिकाणीं हवापालटासाठीं आमचे शालक, म्हणजे कुटुंबाचे थोरले बंधु, येऊन राहिले. गेलीं कांहीं वर्षें ते इमॅटिनिब घेत आहेत. गोळी कशी घ्यावयाची तें त्यांस मुंबईच्या डॉक्टरांनीं नीट सांगितलें होतें: जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह, रिकाम्या पोटीं घेतल्यास मळमळ होते आणि पोटास त्रास होतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. त्याच रोगावर निलोटिनिब नांवाची दुसरी गोळी आहे. ती मात्र रिकाम्या पोटींच घ्यावयाची. आधीं दोन तास व नंतर एक तास कांहीं खावयाचें नाहीं, कारण अन्नाबरोबर ती रक्तांत प्रमाणाबाहेर उतरते आणि हृदयाच्या ठोक्यांस बाधा करूं शकते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील ॲबिरॅटेरोन तर स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तांत दहापटीपर्यंत अधिक जातें. याच्या उलट आंतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावरील कॅपेसिटाबिन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आंत घ्यावयाचें असतें. तेव्हां शेजारच्या काकूंना सांगितलेलें पथ्य आपल्या घरीं लागू करणें हें शहाणपणाचें नाहीं. रोग एक असला तरी गोळीगणिक पथ्य वेगळें.

असें कां व्हावें? आपल्या आंतड्याच्या अस्तरांत व यकृतांत एक पाचकद्रव्य असतें. शास्त्रज्ञ त्यास सीवायपी थ्री ए फोर म्हणतात. आम्ही त्यास जकातनाका म्हणूं. पोटांत गेलेल्या औषधांपैकीं पुष्कळशीं या नाक्यावरून जातात, आणि नाकेदार प्रत्येकाचा कांहीं भाग कापून घेतो. औषधाचें प्रमाण ठरवितांना ही कापणी हिशेबांत धरलेली असते. आतां कोणी नाकेदारास कोंडून ठेविलें, तर माल न कापतां आंत जाईल आणि औषधाचें विष होईल. कोणी नाकेदारांची संख्या वाढविली, तर माल नाक्यावरच संपेल आणि औषध घेऊनहि न घेतल्यासारखें होईल. आहार, काढे व दुसरीं औषधें हे दोन्ही प्रकार करूं शकतात.

नाकेदारास कोंडणारें एक फळ १९८९ मध्यें केवळ योगायोगानें सांपडलें. कॅनडांतील लंडन या गांवीं डेव्हिड बेली हे संशोधक रक्तदाबावरील एका औषधाचा मद्याशीं काय संबंध येतो तें पाहत होते. मद्याची चव लपविण्यासाठीं त्यांनीं ग्रेपफ्रूट या फळाचा रस वापरला, आणि औषधाचें रक्तांतील प्रमाण अपेक्षेच्या कित्येक पट आढळलें. दोष मद्याचा नसून रसाचा निघाला. त्यांतील द्रव्यें आंतड्यांतील नाकेदारास निकामी करतात, आणि नवा नाकेदार तयार होईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. म्हणून "सकाळीं फळ, रात्रीं गोळी" ही तोड येथें चालत नाहीं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसें कोणी खात नाहीं, असें वाचक म्हणतील. परंतु त्या फळाचा एक जनक म्हणजे आपलें पपनस होय, आणि तींच द्रव्यें पपनसांतहि असतात. कोंकणांतून गणपतीच्या दिवसांत कोणी प्रेमानें पपनस आणिलें, तर इमॅटिनिब घेणाऱ्याच्या पानांत तें वाढूं नये. नागपुरी संत्र्यावर हा आळ नाहीं.

आतां मसाल्याच्या डब्याकडे वळूं. आमटींतील हळदीस भिण्याचें कारण नाहीं; हळदीच्या पुडींत कुर्क्युमिन हें द्रव्य शेंकडा दोन ते पांच एवढेंच असतें, आणि तें फारसें शोषलेंहि जात नाहीं. प्रश्न येतो तो बाजारांत मिळणाऱ्या हळदीच्या अर्काच्या गोळ्यांचा. त्यांत बहुधा मिऱ्यांतील पिपेरीन मिसळलेलें असतें. बंगलोर येथें १९९८ मध्यें झालेल्या प्रयोगांत दोन ग्रॅम कुर्क्युमिनास वीस मिलिग्रॅम पिपेरीनची जोड देतांच माणसांमध्यें त्याचें शोषण शेंकडा २००० नीं वाढलें. जाहिरातदार हें मोठ्या अभिमानानें सांगतात. पण जें पिपेरीन हळदीस आंत ढकलतें, तें दुसऱ्या औषधाच्या नाक्यावर स्वस्थ बसेल काय? हॉलंडमध्यें २०१९ सालीं स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना असा हळदीचा अर्क पिपेरीनसह दिला, तेव्हां त्या औषधाचें रक्तांतील कार्यकारी रूप शेंकडा बाराच्या सुमारास घटलें. घट लहान खरी. पण ज्या गोळीवर प्राण अवलंबून, तिच्यांत फुकट घट कां सोसावी?

आमच्या वैद्यकास ही कल्पना परकी नाहीं. सुंठ, मिरीं व पिंपळी यांचें त्रिकटु दुसऱ्या औषधाच्या जोडीस देण्याची चाल जुनीच आहे. मध योगवाही, म्हणजे ज्याच्याशीं योग होईल त्याचा गुण पुढें वाहून नेणारा, असें सांगितलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सव्विसाव्या अध्यायांत विरुद्धाहाराचा विचार विस्तारानें केला आहे. यावरून आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें अशी बढाई मारण्याचें कारण नाहीं. इमॅटिनिब त्यांनीं पाहिलें नव्हतें. परंतु औषधाचा सोबती औषधाचें बळ बदलतो, एवढें सूत्र त्यांच्या हातीं लागलें होतें, आणि तें आपण घाईनें टाकून दिलें.

तोरणमाळच्या रानांत औषधी वनस्पतींची समृद्धि आहे. शालक आजारी आहेत असें कळतांच ओळखीच्या एका सद्गृहस्थांनीं गुळवेलीचे ताजे तुकडे आणून दिले आणि रोज काढा घेण्यास सांगितलें. हेतु अत्यंत प्रेमाचा होता. परंतु मुंबईंतील यकृततज्ज्ञांनीं २०२० च्या अखेरीस, साथीच्या काळांत, गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण पाहिले व पुढील वर्षीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाऊं शकते असेंहि सांगितलें. वादाचा निर्णय तज्ज्ञ करोत. इमॅटिनिब स्वतःच कधीं कधीं यकृतास त्रास देतें, म्हणून त्याच्या जोडीस संशयास्पद वेल नको, एवढें आमच्या घरापुरतें पुरेसें होतें. तुकडे अंगणांत लाविले. वेल वाढली, कोणीहि दुखावलें नाहीं.

याहून बिकट प्रसंग खोकल्यानें आणिला. शालकांस तीन आठवडे खोकला सुटेना, संध्याकाळीं बारीक कणकण येई. घाट उतरून शहाद्यास एका डॉक्टरांकडे नेलें. थुंकी तपासली, आणि क्षय निघाला. डॉक्टरांनीं विचारलें, "दुसरें कांहीं औषध चालू आहे काय?" शालक म्हणाले, "रक्तदाबाची एक गोळी आहे, बाकी कांहीं नाहीं."

हें उत्तर विस्मरणानें आलेलें नव्हतें. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणीं चालू होतीं. कर्करोगाचें नांव बाहेर फुटलें तर स्थळ परत जाईल, या भीतीनें त्यांनीं तें नांव कोठेंहि उच्चारावयाचें नाहीं असा नेम केला होता, आणि तो नेम डॉक्टरांच्या खोलींतहि पाळला. आमचें कुटुंब मागें उभें होतें. ती शांतपणें म्हणाली, "दादा, ती दुसरी गोळी सांगितली नाहींस." आणि पिशवींतून इमॅटिनिबचें पाकीट काढून तिनें मेजावर ठेविलें.

डॉक्टरांनीं हातांतील लेखणी खालीं ठेविली. क्षयावरील मुख्य औषध रिफॅम्पिसिन. तें नाकेदारांची संख्या एवढी वाढवितें कीं इमॅटिनिबचें रक्तांतील एकूण प्रमाण शेंकडा ७४ च्या सुमारास घटतें. म्हणजे रोज गोळी घेऊन रोग्यास वाटावें आपण सुरक्षित आहों, आणि आंत रक्ताच्या कर्करोगास रान मोकळें व्हावें! फिट्सवरील फेनिटॉइनसारखीं औषधेंहि हेंच करतात. शहाद्याच्या डॉक्टरांनीं तेथूनच मुंबईस दूरध्वनि केला. दोघांनीं मिळून औषधांची योजना बदलली आणि रक्ताची तपासणी लवकर लवकर करण्याचें ठरविलें. नेमका काय बदल केला तो येथें लिहीत नाहीं, कारण तो त्यांच्या प्रकृतीपुरता होता. क्षयाचा उपचार पूर्ण झाला, आणि रक्ताचा अहवाल होता तसाच चांगला राहिला.

लग्नाचेंहि सांगितलें पाहिजे. त्यानंतर शालकांनीं लपवालपवी सोडली. एका स्थळानें पाठ फिरविली. दुसऱ्यांनीं सरळ विचारलें कीं हा रोग मुलांत उतरतो काय. डॉक्टरांनीं सांगितलेलें उत्तर आम्हीं त्यांस दिलें: या रोगाचें मूळ असलेला गुणसूत्रांतील बदल त्या माणसाच्या रक्तपेशींत जन्मानंतर घडतो, तो आईबापांकडून येत नाहीं व मुलांकडे जात नाहीं. तें लग्न झालें.

ज्यांच्या घरीं अशी गोळी आहे, त्यांनीं एक साधा कागद करावा. त्यावर सर्व औषधें लिहावींत. रक्तदाबाचें, थायरॉइडचें, रक्त पातळ करण्याचें, आम्लपित्ताचें, तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी, आणि त्याखालीं काढे, चूर्णें, शक्तीच्या गोळ्या व फळांचे रसहि. घरचें म्हणून कांहीं गाळूं नये. औषधास घरचें आणि परकें हा भेद कळत नाहीं. आम्लपित्तावरील गोळी निरुपद्रवी समजली जाते, पण याच रोगावरील डॅसॅटिनिबचें शोषण ती अडविते. हा कागद प्रत्येक डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास दाखवावा, आणि नवें कांहीं सुरू करण्यापूर्वीं किंवा जुनें बंद करण्यापूर्वीं कर्करोगाच्या डॉक्टरांस विचारावें. आपल्या मतानें गोळी मात्र कधींहि सोडूं नये.

जुन्या पथ्यांत जिभेस आवर घालावा लागे. या नव्या पथ्यांत ती मोकळी सोडावी लागते. जें जें पोटांत जातें तें तें सांगावें लागतें. आमच्या समाजांत पहिलें पथ्य उपासतापासाच्या संवयीनें सहज जमतें. दुसरें अवघड जातें, कारण दुखणें झांकून ठेवणें हीच आपण कुलीनता समजत आलों आहों. ती समजूत किती महाग पडूं शकते, हें ज्या घरांत अशी गोळी आहे त्यांनीं वेळींच ओळखावें.