दोष आणि अरुची

काव्यशास्त्रात दोषविचाराला स्वतंत्र स्थान आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास त्यालाच दिला. वाचकाला काव्य न रुचणे हा मात्र काव्याचा दोष ठरत नाही. वर्गात शिकवायला सोपा असलेला हा भेद सुपरमार्केटच्या काउंटरवर फार अवघड होतो.

मागे आम्ही दोघींनी पन्ह्याची बाटली घेतली. घरी उघडली तर गूळ-वेलचीऐवजी पुदिना आणि काळे मीठ! एकीचे म्हणणे, हे पन्हेच नव्हे, परत करू. दुसरीचे म्हणणे, उत्तरेकडचा आम पन्ना असाच असतो आणि लेबलावर घटक छापलेले आहेत. काउंटरवरच्या मुलीने एवढेच विचारले, "खराब आहे का?" खराब नव्हते; आवडले नव्हते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. हा नियम दोषाचा आहे, अरुचीचा नाही. शिवाय उघडलेली बाटली पुन्हा विकता येत नाही.

वाण्याकडे गुळाचा खडा जिभेवर ठेवून मगच ढेप घेतली जाई. आंबेवाला फोड कापून देई. आवडनिवडीचा वाद पैसे देण्यापूर्वीच मिटे. सीलबंद बाटलीने निवड डोळ्यांकडे सोपवली, जिभेला नंतर बोलावले. म्हणून वाद काउंटरवर पोहोचतो आणि निर्णयाचा कोणताही अधिकार नसलेल्या मुलीला तो ऐकावा लागतो. परताव्यापेक्षा आधी चाखण्याची सोय मागणे आम्हांला अधिक न्याय्य वाटते.