बसायच्या जागेची खाज: मूळव्याध, मलम आणि माझी एक चूक

आमच्या दवाखान्यात काही पेशंट आधी सर्दी-खोकल्याचं सांगतात. मी तपासतो, गोळ्या लिहून देतो. ते उठतात, दारापर्यंत जातात आणि मागे वळून हळूच म्हणतात, “डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं...” देवळाली प्रवरासारख्या गावात बाहेरच्या बाकावर बसलेला प्रत्येकजण ओळखीचा असतो. तिथे गुदद्वाराच्या खाजेबद्दल बोलायचं म्हणजे संकोच वाटणारच. म्हणून आज मीच बोलतो, तुम्ही फक्त वाचा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी साठीतल्या एक मावशी आल्या. “मोडाचा त्रास आहे, खाज सुटते, मलम लिहून द्या,” म्हणाल्या. बाहेर गर्दी होती. त्या लाजत होत्या, मी घाईत होतो. न तपासता मूळव्याधीचं मलम लिहून दिलं. महिन्याने त्या परत आल्या, मी तीच ट्यूब पुन्हा दिली. तिसऱ्यांदा सून सोबत आली. “आई रात्र रात्र झोपत नाहीत,” ती म्हणाली.

तेव्हा सिस्टरला सोबत घेऊन मी नीट तपासलं. मोड होता, पण अगदी लहान. खरा त्रास कातडीचा होता. जांघेपर्यंत बुरशीचं इन्फेक्शन पसरलं होतं. रक्तातली साखर तपासली तर तीनशेच्या वर. मावशींना मधुमेह आहे हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. मी दिलेल्या मलमात स्टिरॉइड होतं. त्याने खाज चार दिवस दबायची आणि बुरशीला मात्र मोकळं रान मिळायचं. योग्य औषधाने आणि साखर आटोक्यात आल्यावर मावशी बऱ्या झाल्या. पण त्यांचे दोन महिने मी वाया घालवले होते. तेव्हापासून ही तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला तपासल्याशिवाय मी मलम देत नाही.

मूळव्याधीत खाज का सुटते?

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकालाच असतात. रोज कुंथण्याने त्या फुगतात आणि खाली सरकतात, त्यालाच आपण मूळव्याध किंवा मोड म्हणतो. आतला मोड सहसा दुखत नाही आणि स्वतः खाजतही नाही. पण तो खाली आला की त्यातून चिकट स्राव झिरपतो, थोडी शी बाहेर लागते. बाहेरची कातडी सतत ओली राहते, चुरचुरते आणि खाजते. बाहेर कातडीचे कोंब लोंबत असतील तर जागा नीट स्वच्छही होत नाही.

म्हणजे खाजेचं मूळ आहे ओलावा. इथेच बहुतेकांची गफलत होते. खाज म्हणजे घाण, असं समजून माणूस साबण लावून खसाखसा घासतो. काहीजण पाण्यात जंतुनाशक टाकतात. नाजूक कातडी सोलवटते आणि जास्तच खाजते. मग नखं चालतात, ओरखडे पडतात, खाज आणखी वाढते.

प्रत्येक खाज मूळव्याधीची नसते

मावशींसारखी बुरशी, मधुमेह, चिरा म्हणजे फिशर, भगंदर, सोरायसिस, साबणाची किंवा मलमाचीच अ‍ॅलर्जी, यांतलं काहीही असू शकतं. रात्री झोपल्यावर खाज वाढत असेल, विशेषतः घरात लहान मुलं असतील, तर जंतांचा विचार करावा. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात. त्याचं औषध घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच वेळी घ्यावं लागतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. एकट्याने घेतलं तर जंत घरातच फिरत राहतात.

घरी काय करता येईल?

१. शौचानंतर साध्या पाण्याने धुवा. तिथे साबण, डेटॉल, सुगंधी वाइप्स नकोत.

२. मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा, घासू नका. धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं आहे.

३. टबमध्ये कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीन वेळा. पाण्यात काही टाकायची गरज नाही. नंतर जागा कोरडी करा.

४. सैल, सुती अंतर्वस्त्रं वापरा. उसाच्या शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्यांनी, तासन्‌तास ट्रॅक्टरवर बसणाऱ्यांनी घरी आल्याबरोबर ती बदलावीत.

५. नखं कापून ठेवा. झोपेत खाजवण्याने जखमा होतात.

६. पोट साफ राहील असं खा: भाकरी, पालेभाज्या, मटकीची उसळ, पेरू, पपई आणि भरपूर पाणी. इसबगोल घेत असाल तर मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्या. कमी पाण्यात घेतलं तर उलट मळ घट्ट होतो.

७. चहा, कॉफी, तिखटाने काहींची खाज वाढते. दोन आठवडे कमी करून बघा.

८. संडासात मोबाइल नेऊ नका. पाच मिनिटांत उठा.

तपासून घेतल्यावर डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं, तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतंच लावा. आठवड्याच्या वर स्वतःच्या मनाने नको, कातडी पातळ होते. लसूण, चुना, कुणीतरी सांगितलेली जडीबुटी तिथे लावू नका. अशा उपायांनी भाजलेली कातडी मी पाहिली आहे. घरगुती उपायांनी मोड आवरत नसेल तर रबर बँड लावण्यासारखे सोपे उपचारही आहेत. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही.

कधी थांबायचं नाही?

शौचातून रक्त जात असेल, शी काळी होत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, वजन कमी होत असेल, थकवा येऊन रक्त कमी निघालं असेल, गाठ लागत असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर “मोडच असेल” असं स्वतः ठरवू नका. आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही मोडाच्या रक्तासारखंच दिसू शकतं. दोन आठवड्यांत खाज थांबली नाही तरीही या, साखर तपासून घ्या.

तपासणीला फार वेळ लागत नाही. पडदा असतो. बायकांनी सिस्टरला किंवा घरच्या बाईला सोबत ठेवा, हवं तर लेडी डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टर न तपासताच मलम लिहायला लागला, तर त्याला विचारा, “डॉक्टर, एकदा बघता का?” मावशींनी मला हे विचारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तपासायचं मलाच सुचायला हवं होतं. पण तुम्ही विचारलंत तर मला राग येणार नाही.