पास

वखराला खाली जे आडवं लोखंडी पातं असतं त्याला आमच्याकडं पास म्हणतात. इंग्रजीतला पास कानावर पडायच्या आधी मला हीच पास ठाऊक होती. बोथट झाली की ती गवताची मुळी कापत नाही, वरच्या वर घसरत जाते. मग लोहाराकडं नेऊन, तापवून, ठोकून धार काढून आणायची. हे काम माझं. वखर हाकायचं काम दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. "एकजण तरी दहावी पास व्हा," एवढंच ते म्हणायचे.

दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा 1975 साली झाली. आमची दुसरी तुकडी. वर्गात एकदा सरांनी भाषांतराला वाक्य दिलं, फोर इयर्स पास्ड. मी लिहिलं, "चार वर्षे पास झाली." सरांनी वही वर धरून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. पोरं हसली, मीपण हसलो. मार्चच्या परीक्षेत बाकीचे विषय निघाले, इंग्रजीत 29 पडले. पाहिजे होते 35.

दादा एक शब्द बोलले नाहीत. ऑक्टोबरचा फॉर्म भरायला त्यांनी पैसे दिले. मी फॉर्म भरलाच नाही. भीती बसली होती, दुसरं कारण नाही. पेपरच्या दिवशी भाकरी बांधून घेतली, पैठणला गेलो आणि धरणाच्या बांधावर जाऊन बसलो. जायकवाडी त्याच वर्षी पुरं झालं होतं. एवढं पाणी आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. दिवसभर बघत बसलो, भाकरी खाल्ली, दिवस मावळायला घरी आलो. निकालाच्या टायमाला सांगून टाकलं, पुन्हा नापास. दादा म्हणाले, "दगड पडो त्या इंग्रजीवर. उद्या कपाशीत ये." पैसे खर्चून गेले होते, कशावर ते आता आठवत नाही.

पुढं नातवंडांच्या पुस्तकांतून मी हा शब्द पुन्हा धुंडाळला. नातीनं डिक्शनरी काढून दिली, तर पासला पानभर अर्थ. गाडी गावावरून पुढं गेली, पास. वेळ निघून गेला, पास. जेवताना मिठाची वाटी शेजारच्याला सरकवली, तरी पास. दुखणं सरलं, कायदा मंजूर झाला, चेंडू सोबत्याकडं ढकलला, सगळीकडं पासच. बारकाईनं पाहिलं तर आत एकच गोष्ट सापडते, इकडून तिकडं जाणं, पार होणं. आणि इंग्रजीत पोरगं परीक्षा स्वतः पास करतं. आपण मात्र बहुतेक पास 'होतो', नाहीतर दुसरं कुणी आपल्याला पास 'करतं'. पीककर्ज पास होतं, बिल पास होतं, ट्रॅक्टर आरटीओत पास होतो, म्हणून तर एमएच 20 पासिंग म्हणतात. नापास हा शब्द तर इंग्रजाच्या बापाला माहीत नाही. नापसंत, नाराज, नालायक यांतलं ना आपण त्याच्या शब्दाला जोडून दिलं.

माझा कापूसही जन्मभर पास होत आला. एकाधिकार खरेदी होती तेव्हा गाड्यांची रांग लागायची, रात्र रात्र बैलाजवळ झोपायचं. सकाळी ग्रेडर येऊन गाडीत कोपरापर्यंत हात घालणार, मूठभर कापूस काढून बोटांनी पिंजून धागा बघणार. तो तोंड उघडेपर्यंत आपल्या तोंडाला कोरड. आता हाताऐवजी ओलावा मोजायचं यंत्र आहे. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून 12 पर्यंत कपात, त्याच्या वर गेला की गाडी माघारी. दवाचा कापूस सकाळी वेचू नये, हे दादा यंत्र यायच्या आधीपासून सांगत होते.

दादांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आणखी एक पास घरात आला. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. दवाखानाही नेमका बीड बायपासला. गावातल्या म्हाताऱ्यांना सांगता सांगता माझी जीभ दुखली, रस्ता कोणता आणि ऑपरेशन कोणतं. ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर दादा चार वर्षं जगले, अगदी मोजून चार. गेले ते झोपेत. पुण्याच्या पुतण्यानं मोबाईलवर सगळ्यांना कळवलं, त्यात होतं, पास्ड अवे. बायको म्हणाली, "काय लिहिलंय वो?" मी म्हणालो, "गेले म्हणून लिहिलंय."

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्यांच्या खाटेजवळ खाली बसलो होतो. त्या रात्री सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. मी घसा साफ करतोय तोवर तेच बोलले.

"त्या ऑक्टोबरात इंग्रजीत किती पडले होते रं तुला?"

मी म्हणालो, "बत्तीस."

"तिनानंच गेलं की," दादा म्हणाले, आणि कुशीवर वळले.